रोज चालणारी गाडी

"गाडी रोज चालते का?"

मी विचारलं ते एवढंच. पिकअपचं बॉनेट उघडं होतं, माझ्या एका हातात मीटर होतं आणि दुसऱ्या हाताला ॲसिडची खाज सुटली होती.

"रोज," ती म्हणाली. "एक दिस खंड न्हाई."

"नक्की? नाहीतर नंतर माझ्या नावानं बोंब माराल."

"बिरोबाची आण घ्यू का? पावसात बी चालती."

झालं. विषय संपला. माझ्या डोक्यात बॅटरी ठरली.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. भोरच्या अलीकडं धावडी फाट्यावर माझं दुकान होतं. पत्र्याचं, दारात मेलेल्या बॅटऱ्यांची उतरंड. सातवीत मास्तरनं मला हाकललं तेव्हापासून मी बॅटऱ्याच हुंगत आलो. पुस्तक नाही, कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. एकदा कंपनीचा इंजिनीअर आला होता, टाय लावून. मला म्हणाला, "तुम्हा लोकांना थिअरी कळत नाही." मी त्याला म्हणालो, "साहेब, तुमचा करंट कागदावर असतो, माझा अंगाला बसतो. आधी बसून घ्या, मग शिकवा." तो परत आला नाही. मला अडाणी म्हणणाऱ्या माणसाचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. अजून येतो. पण त्या वेळी मी स्वतः कुणाला अडाणी समजत होतो, ते मला माहीत नव्हतं.

ती आली तीच मुळी डोक्यावर फ्रीज घेऊन. खोटं नाही सांगत. दुकानासमोरच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे हो, चालता मुक्काम. पाच-सहा बिऱ्हाडं, हजारभर मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या. दिवाळी झाली की हे लोक फलटणकडून निघतात आणि घाट उतरून कोकणात जातात, ते उन्हाळा संपताना वर येतात. रस्त्यात मेंढरं आली की मी हॉर्नवरचा हात काढत नसे. तर त्या रानातून ही बाई सरळ चालत आली. पायात जड वहाणा, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, आणि डोक्यावर चुंबळ करून त्यावर पांढरी पेटी. हात न लावता. मागं दहा-अकरा वर्षांची पोरगी, तिच्या काखेत कोकरू.

"मिस्तरी, ह्ये गाडीवर चालवायचं हाय."

पेटी उतरवली तर फ्रीज. गाडीवर चालणारा, बारा व्होल्टचा. शहरातले हौशी लोक जीपमध्ये टाकून फिरतात तसला.

"चोरीचा तर नाही ना, आक्का?"

"धरणाच्या कडंला तंबू ठोकून बसलेला एक सायब हुता. ह्यात बाटल्या गार करत हुता, बीरच्या. म्या म्हनलं, ह्यात बर्फ व्हतो का? त्यो म्हनला, व्हय. म्या म्हनलं, बर्फ न करता नुसतं गार ऱ्हातं का? त्यो म्हनला, पायजे तेवडं ठेवा. मग म्या त्याला म्हनलं, ह्यो मला दे."

"आणि दिला?"

"दोन मेंढं दिलं. त्याला पार्टी करायची हुती."

बायडाक्का कोकरे तिचं नाव. पोरगी सारिका. आणि मागोमाग आलेल्या पिकअपच्या स्टिअरिंगवर बसून तंबाखू मळत होता तो तिचा नवरा म्हाळू, जो माझ्यासमोर पंधरा शब्दांच्या वर कधी बोलला नाही.

"कशाला पाहिजे फ्रीज? दूध ठेवायला?"

"पोरीचं औशद."

"इन्सुलिन," पोरगी म्हणाली. अगदी स्वच्छ, डॉक्टर म्हणतात तसं. "मला साखर आहे. जन्मभराची. दिवसातून चार वेळा टोचावं लागतं. दोन ते आठमध्ये ठेवायचं. आठच्या वर गेलं तर बिघडतं, गोठलं तर मरतंच."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती कोकराला बोट चोखायला देत होती.

"मग आजपर्यंत कसं ठेवलं?"

"मडक्यात," बायडाक्का म्हणाली. "मडक्यात मडकं, मधी वली वाळू, वरनं फडकं. हाताखालची बाटली त्यात ऱ्हाती. ठेवणीतलं दवाखान्यातली शिस्टर ठिवून घेती, महिन्याला आणतो."

"मग कोकणातही मडक्यातच ठेवा की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण एखाद्या बिनडोक पोराकडं बघतो. "खालची हवाच वली हाय, मिस्तरी. मडक्याला घाम सुटतो, पर वाळत न्हाई. वाळल्याबिगर गार कसं व्हईल? आन् थितं धा-धा कोसावर दवाखाना न्हाई. चार महिन्याचं संगं न्यायचं हाय."

हे मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मडकं म्हणे. मी बॅटऱ्यांचा माणूस होतो.

दुकानाच्या बाहेर, लिंबाखाली, काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा उभा होता. वाड्याचा म्होरक्या, बायडाक्काचा सासरा, धुळातात्या. दुकानात पाऊल टाकायला तयार नाही. तिथूनच बोलला.

"मिस्तरी, येक सांगून ठिवतो. घाट उतरायच्या आधी ह्ये यंतर बंद पडलं, तर पोरगी येस्टीत बसंल आन् फलटणला मामाकडं जाईल. थितं साळंत ऱ्हाईल, दवाखाना हाय. डाक्टरनं बी त्येच सांगितलंय. पोरीच्या जिवाशी खेळ न्हाई करायचा मला."

म्हातारा वाईट नव्हता. त्याचा आवाज थरथरत होता.

"मामाकडं मेंढरं नाहीत," सारिका म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. कोकरालाच सांगितलं तिनं ते.

मी तीन बॅटऱ्या बाहेर काढल्या. आणि मग मी माझं नेहमीचं भाषण दिलं, जे फाट्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं.

"हे बघा आक्का. गाडीच्या बॅटरीवरच फ्रीज लावला, तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. तिच्यावर लावायचाच नाही. दुसरी बॅटरी पाहिजे, वेगळी. आता ही ट्रकची. ही म्हणजे पैलवान. एका दमात दहा टनी गाडीचं इंजिन फिरवते, मग बसते खात. आणि ही काळी, उंच, ही इन्व्हर्टरची. ही हमाल. जोर कमी, पण थोडं थोडं दिवसभर देत राहते."

"ह्यातली चालणारी कंची?"

मी हसलो. "आक्का, बॅटरी चालत नाही. पडून असते."

"न्हाई, म्हंजी लांबचं चालणारी. दमादमानं."

"ती ही हमाल. पण ती घरात बसणारी आहे, तुमच्या गाडीच्या हादऱ्यांनी तिची हाडं खिळखिळी होतील. आणि गरजच काय? तुमची गाडी रोज चालते. चालली की इंजिन पैलवानाला पोटभर खाऊ घालतं. मी मधे एक रिले टाकतो. गाडी सुरू झाली की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील, बंद झाली की तुटतील. फ्रीज गाडीच्या बॅटरीला हात लावणार नाही. बघायलाच नको."

बायडाक्का त्या काळ्या बॅटरीकडं जरा वेळ बघत राहिली. तिच्या वरच्या टोप्यांवरून तिनं बोट फिरवलं, मेंढराच्या पाठीवरून फिरवावं तसं. मग म्हणाली, "तुमी म्हंता तर तसं."

मी ट्रकची शंभर ॲम्पिअरची कोरी बॅटरी बसवली. माझ्या हातानं. फ्रीज घूं करून सुरू झाला तेव्हा ती कान लावून बसली, बराच वेळ. तिला वाटलं असेल आत काहीतरी जिवंत आहे.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. सारिकाचा.

"काका, बंद पडलाय."

"काय हात लावला होता? वायर ओढली का कुणी?"

"नाही. आपोआप बंद पडला. तात्या म्हणाले, उद्या सकाळी एसटी."

माझं डोकं सणकलं. माझ्या हातचं काम सहा दिवसांत बंद पडत नाही. या लोकांनी काहीतरी माती खाल्ली असणार. मोटरसायकलला किक मारली आणि वरंधा घाटाच्या दिशेनं निघालो. रस्ताभर भाषण तयार करत गेलो. कोणत्या शब्दात झापायचं ते ठरवत गेलो. खोटं कशाला सांगू, मजा येत होती मला.

घाटाच्या तोंडाशी, रस्ता खाली वळायच्या आधी, एक मोकळा माळ आहे. तिथं वाडा उतरला होता. मेंढरं चरायला गेली होती. मागं राहिलेली कोकरं जाळीत, चुली विझलेल्या, बाया ओढ्याला. आणि पिकअपच्या हौद्यात, सावलीला सरकवून ठेवलेला तो फ्रीज. काळ्या घोंगडीत गच्च गुंडाळलेला. दोन पदरी, वर सुतळी बांधून.

मी ते बघितलं आणि माझं तयार केलेलं सगळं भाषण एका फटक्यात बाहेर आलं.

"हे कुणी गुंडाळलं?"

"म्या," बायडाक्का म्हणाली.

"अहो फ्रीज आहे का म्हातारा तो! थंडी वाजतीय त्याला? गार राहायची वस्तू, आणि तिला घोंगडी पांघरता? डोकं गहाण टाकलंय का वाड्यानं सगळ्या? मारला ना फ्रीज! उबेनं मारला! आणि पोरगी फोन करून मला सांगते, आपोआप बंद पडला!"

सुतळी तोडली, घोंगडी ओढली आणि फेकली बाजूला, धुळीत. झाकणाला हात घातला.

माझं मनगट धरलं गेलं. सारिकानं धरलं होतं. एवढीशी पोर, पण मेंढरं आवरणारा हात.

"उघडायचं नाही," ती म्हणाली. "दिवसातून दोनदाच. सकाळी आणि सांजेला."

मी हात झटकला. मीटर काढलं. बॅटरीवर टेकवलं. दहा पॉइंट नऊ. पैलवान मेलेला. नुसता दमलेला नव्हे, मेलेला. ट्रकची बॅटरी एवढी खाली गेली की पुन्हा पहिल्यासारखी उठत नाही.

"गाडी किती दिवस उभी आहे?"

"उभी?" बायडाक्काला प्रश्नच कळला नाही. "रोज चालतीय."

"कुठून कुठं?"

"काल त्या वडापासनं आली की हितं."

तिनं हात लांब केला. खाली, वळणांच्या पलीकडं, शेतांच्या मधे एक वड दिसत होता.

"आणि परवा?"

"परवा त्या देवळापसनं वडापतुर."

देऊळही दिसत होतं. पांढरं, अंगठ्याच्या नखाएवढं. मी तिथं माळावर उभा होतो आणि उभ्या उभ्या मला त्यांचा तीन दिवसांचा प्रवास दिसत होता. डोळ्यांच्या एका फेरीत मावेल एवढा.

"म्हाळूभाऊ," मी म्हणालो. माझा आवाज बदललेला मलाच ऐकू आला. "रोज इंजिन किती वेळ चालू असतं?"

म्हाळूनं विचार केला. "येक तंबाखू मळून खाऊपतुर."

रोज चालते. खरं होतं ते. एक दिवस खंड नाही, हेही खरं. ती चालायची तशीच गाडीही चालायची, मेंढरांच्या पायानं, पुढच्या पाण्यापर्यंत, आणि मग दिवसभर उभी. बिरोबाची आण खोटी नव्हती. खोटा माझा कान होता. फाट्यावर येणारे माझे ड्रायव्हर चालते म्हणाले की तीनशे किलोमीटर. मी तेच ऐकलं.

मी टायरवर बसलो. मनात आकडे मांडायला लागलो, कारण दुसरं काही येत नव्हतं. फ्रीज दिवसरात्र एवढं खातो, इंजिन वीस मिनिटांत एवढं देतं. कसंही मांडा, पैलवान तिसऱ्या दिवशी मरायला पाहिजे होता. मग सहा दिवस निघाले कसे?

"बंद कधी पडला?"

"पहाटं," बायडाक्का म्हणाली. "म्या बाजूलाच निजती. त्याचा आवाज थांबला तवा जाग आली. चांदनी निघायची हुती."

"म्हणजे आठ-नऊ तास झाले." मी डोकं धरलं. "आक्का, मला माफ करा. औषध गेलं असेल आता."

"सात," सारिका म्हणाली.

"काय सात?"

तिनं फ्रीजच्या कडेतून आलेली एक बारीक वायर दाखवली. वायरच्या टोकाला काडेपेटीएवढा तापमापी. दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेला. त्यावर आकडा होता. सात.

मी डोळे चोळले. तो हातात घेतला, थोपटला, उन्हातून सावलीत नेला. सात. बाहेर दुपार तापायला लागली होती, माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि त्या बंद पडलेल्या, मेलेल्या, करंट नसलेल्या पेटीच्या पोटात नऊ तासांनी सात.

"पहाटे किती होता?"

"चार. घोंगडी काढली तेव्हा साडेसहा होता. आता सात झाला."

मी घोंगडीकडं बघितलं. ती धुळीत पडली होती, मी फेकली तशीच.

बायडाक्का खाली वाकली. घोंगडी उचलली, दोनदा झटकली आणि हातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. रागावली नव्हती. मला ते जास्त लागलं.

"मिस्तरी, घोंगडी ऊब देती असं तुमाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे? देतेच की."

"मेलेल्या माणसावर घालून बगा. गरम व्हतंय का?"

तिनं घोंगडीचा एक पदर उलगडून दाखवला.

"घोंगडी कुणाला कायबी देत न्हाई. जे हाय ते जाऊ देत न्हाई, येवडंच तिचं काम. आतलं गरम आसंल तर गरम ठिवती. गार आसंल तर गार. तिला काय ठावं आत म्हातारा हाय का फ्रीज?" तिनं फ्रीजच्या एका अंगाला जाळी होती तिथं हात ठेवला. "ह्या बाजूनं ह्यो श्वास टाकतो, गरम वारा येतो हितनं. म्हनून चालू आसला की ही बाजू उगडी ठिवती. बंद पडला तवा हिबी झाकली. आत पान्याच्या बाटल्या भरून ठिवल्यात. रिकामं भांडं लवकर तापतंय."

टाय लावलेला तो इंजिनीअर मला आठवला. आणि आज पहिल्यांदा मला तो दोन्हीकडून दिसला.

ती बाई एक दिवस शाळेत गेलेली नाही. तिनं सहा दिवस त्या पेटीच्या शेजारी झोपून, हात लावून, कान लावून, तिचं सगळं पोट वाचलं होतं. माझी चुकीची बॅटरी तिनं दुप्पट दिवस जगवली होती, आणि मी येऊन ती घोंगडी फेकून दिली होती. नऊ तासांत चढला नाही तेवढ्या वेगानं माझ्यासमोर आकडा चढला होता.

मी तिच्या हातून घोंगडी घेतली. गुडघ्यावर बसून फ्रीजभोवती गुंडाळायला लागलो. दोन पदरी. सुतळी मीच तोडली होती, तर माझ्या कमरेचा पट्टा काढून आवळला.

"तात्या," मी म्हणालो. म्हातारा बाजूला येऊन उभा राहिला होता. "उद्याचा दिवस थांबा."

"वाडा थांबत न्हाई, मिस्तरी. खाली भाताची रानं मोकळी झाल्याती, शेतकरी वाट बगत्याती. उद्या उन्हं वर आली की उतरायचं. आन् पोरगी येस्टीत."

"उन्हं वर येईपर्यंत तरी?"

तो माझ्या उघड्या कमरेकडं बघत होता. विजार एका हातानं धरून मी उभा होतो. त्याला हसू आलं असावं, पण त्यानं आवरलं.

"उन्हं वर येईपतुर," तो म्हणाला.

निघताना मी एकच गोष्ट विचारली. जे फाट्यावर विचारायला पाहिजे होतं. "आक्का, गाडी दिवसभर उभी असते, ती कुठं असते? सावलीत?"

"सावली कोकरांना. गाडी उनात."

दुकानाच्या पत्र्यावर माझं सोलरचं पॅनल होतं, दीडशे वॅटचं. दुकानातला पंखा आणि दिवा त्यावर चालायचा. ते उतरवलं. घरातून इन्व्हर्टरची काळी उंच बॅटरी काढली, पूर्ण भरलेली. बायको दारात आली. "घरातली बॅटरी कुटं निघाली? रात्री डास कोण मारणार, तुमचा फाटा?" मी म्हणालो, "चूक माझी आहे, डासही मीच मारीन." ओळखीचा एक टेम्पोवाला गाठला आणि सगळं लादून, उन्हं कलता कलता परत माळावर पोहोचलो.

सांजेची सुई टोचायची वेळ होती. मी टेम्पोतून उतरलो तेव्हा सारिका दगडावर बसली होती. तिनं परकराचा नेफा खाली सारला, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. डोळा लवला नाही. बाजूला आई बसली होती. तिच्याही हातात एक सुई होती, रिकामी, औषधाविना. तिनंही आपल्या पोटाला टोचून घेतली आणि काढली.

मी उभाच राहिलो.

"हे काय आक्का?"

"पैल्या दिशी पोरगी वरडली. म्हनली, तुला न्हाई टोचत, तुला काय ठावं. म्हनून म्या बी घ्याया लागली. आता तीन साल झाली."

"आता ती रडत नाही, तरी?"

"आता तिला सवय हाय," बायडाक्का म्हणाली, "पर मला बी सवय झाली."

"आप्पानं पण एकदा घेतली," सारिका म्हणाली. "चक्कर येऊन चुलीत पडले."

म्हाळूनं मान खाली घातली आणि तंबाखूची डबी शोधायला लागला.

त्या बाईच्या पोटावर तीन वर्षांच्या सुया होत्या. चार वेळा रोज. मी ॲसिडनं भाजलेले माझे हात लोकांना दाखवत आलो होतो, शिकलेल्यांना ऐकवत आलो होतो की अंगाला बसल्याशिवाय कळत नाही. मी हात खिशात घातले.

मग कामाला लागलो. काळ्या बॅटरीची हादऱ्यांनी हाडं खिळखिळी होणार, हे मीच म्हणालो होतो. तर मी म्हणालो, "आक्का, लोकर आहे का जरा? पोतंभर?" तिनं कातरणीची लोकर आणली. बॅटरीच्या खाली, चारी अंगाला लोकर दाबून भरली आणि रबरी पट्ट्यानं आवळली. पाळण्यात बसवली म्हणा. पॅनल पिकअपच्या टपावर. वायरी बायडाक्कानं धरल्या, मी पिळल्या. दिवस मावळायच्या आत फ्रीज घूं करून बोलला.

तापमापीवर आठ होता. कड्यावर उभं होतं ते औषध. आम्ही पाचजण त्या काडेपेटीएवढ्या वस्तूकडं बघत बसलो. सात झाला तेव्हा म्हाळूनं पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "उतरला," म्हणाला.

त्या रात्री मी तिथंच पडलो. मला पांघरायला घोंगडी दिली. तिनं मला काहीही दिलं नाही. माझं होतं ते ठेवलं.

सकाळ झाली आणि मी आयुष्यात कधी बघितलं नाही ते बघितलं. रस्त्यात मेंढरं म्हणून ज्यांना शिव्या घातल्या त्यांचं अख्खं गाव माझ्या डोळ्यांसमोर उठलं. कुणी हाक मारली नाही, कुणी हुकूम दिला नाही. एका बाईनं चूल मोडली, दुसरीनं जाळी गुंडाळली, भांडी घोडीवर, कोंबड्या डालग्यात, कोकरं हौद्यात, म्हाताऱ्या पुढं. मी चहा संपवतोय तोवर माळ रिकामा. जिथं पाच बिऱ्हाडं होती तिथं फक्त राखेची पाच वर्तुळं आणि लेंड्या. आणि मग हजार मेंढरं घाटाच्या तोंडाशी आली. ती रस्त्यानं चालत नव्हती. रस्ताच चालतोय असं वाटत होतं. खाली दरीत धुकं होतं, आणि तो सगळा पांढरा-काळा लोंढा त्या धुक्यात एकेक पाऊल उतरत होता, घंटा वाजत होत्या, आणि खुरांचा असा आवाज येत होता जसा कुणी लांबवर धान्य ओततंय. सहा दिवसांपूर्वी मी यांच्यावर हॉर्न वाजवला असता.

उन्हं डोंगराच्या माथ्यावरून आली आणि पिकअपच्या टपावर पडली. सोलरच्या चार्जरवरचा हिरवा दिवा लागला. इंजिन बंद होतं. गाडी उभी होती. मीटर लावलं. उन्हाची वीज बॅटरीत जात होती.

धुळातात्या जवळ आला. सारिकाची पत्र्याची पेटी एसटीसाठी बाजूला काढून ठेवली होती, तिच्यावर त्याचा हात होता. त्यानं दिव्याकडं बघितलं, तापमापीकडं बघितलं. चार. मग माझ्याकडं बघितलं.

"आन् कोकणात आठ-आठ दिस येकाच रानात बसवत्यात आमाला, खतासाठनं. गाडी चालली न्हाई तर?"

"तात्या," मी म्हणालो, "आता गाडी नाही चालली तरी चालेल."

म्हाताऱ्याची काठी हलायला लागली, खांदे हलायला लागले. दात नसलेलं तोंड उघडून तो हसत होता. त्यानं पेटी उचलली आणि पिकअपच्या हौद्यात, कोकरांच्या मधे टाकली.

बायडाक्कानं घोंगडीची जाळीकडची बाजू उघडी केली, बाकीची नीट दाबली. माझा पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि सुतळी बांधली. "गाडीला चालंल," ती म्हणाली, "आमाला चालावंच लागतंय."

ती निघाली. मागं सारिका, काखेत कोकरू. वळणावर पोरीनं ते कोकरू खाली ठेवलं. ते जरा लटपटलं, मग तिच्या पायाला घासत आपल्या पायांनी चालायला लागलं. धुकं त्यांच्यावर मिटलं. मी विजारीत पट्टा ओवत तिथंच उभा होतो, आणि खालून घंटा ऐकू येत होत्या, बराच वेळ.